चौथ्या पटावरचा गुण

विश्वामित्री नदीच्या पश्चिम काठावरील अकोटा हे आज बडोदा शहराचे एक उपनगर मानले जात असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ते बडोद्याहून जुने व एके काळी बडोद्याहून मोठे होते, कारण इ. स. ८१२च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ज्या 'वडपद्रक' गावाचा उल्लेख येतो, आणि ज्या नावापासून पुढे 'बडोदा' झाले, ते गाव 'अंकोट्टक' नावाच्या चौऱ्यांशी गावांच्या विभागात मोडत होते, आणि अंकोट्टक म्हणजेच आजचे अकोटा. गाव विभागात, विभाग राज्यात आणि राज्य देशात सामावले जावे, ही कारभाराची जुनी रीत आजही एका वेगळ्याच क्षेत्रात जिवंत आहे आणि ते क्षेत्र म्हणजे शालेय क्रीडास्पर्धा. अकोट्यातील एखाद्या शाळेचा बुद्धिबळ संघ जेव्हा विभागीय पात्रता स्पर्धेला निघतो, तेव्हा तो अशाच एका चढत्या मांडणीच्या खालच्या पायरीवर उभा असतो, आणि वरच्या पायरीवर पाऊल ठेवण्याचा अधिकार त्याला पटावर मिळवावा लागतो.

वृत्तपत्रांतून वाचकांपर्यंत पोहोचतात ते बहुधा विश्वविजेते, ग्रँडमास्टर आणि सुवर्णपदके. ज्या पात्रता स्पर्धांमधून हे सर्व खेळाडू लहानपणी गेलेले असतात, त्यांचे स्वरूप मात्र सामान्य वाचकाला, आणि अनेकदा स्पर्धेच्या सभागृहाबाहेर ताटकळत बसलेल्या पालकांनाही, पुरते उलगडलेले नसते. अजिंक्यपद स्पर्धा 'सर्वांत श्रेष्ठ कोण' असे विचारते, तर पात्रता स्पर्धा 'पुढे जाण्यास पुरेसे कोण' असे विचारते. हे दोन प्रश्न वरवर सारखे वाटले, तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मुलाला अर्धा गुण जपणे, पराभवानंतर त्याच दिवशी पुन्हा पटावर बसणे आणि संघाची गरज स्वतःच्या हौसेच्या आधी ठेवणे या गोष्टी शिकाव्या लागतात.

पायऱ्यांची रचना

भारतातील बालबुद्धिबळपटूसमोर साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली वाट बुद्धिबळ संघटनेची असून तिच्यात जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्या येतात. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धा ७, ९, ११, १३, १५, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, तर जागतिक स्पर्धांचे गट ८, १०, १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील असतात. ही विषम आणि सम आकड्यांची विभागणी प्रथमदर्शनी कोड्यात टाकणारी वाटते, परंतु तिच्यामागे सरळ हिशेब आहे. यंदा १३ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत यश मिळवणारा खेळाडू पुढील वर्षी जागतिक स्पर्धेच्या १४ वर्षांखालील गटात बसावा, म्हणून राष्ट्रीय गट एका वर्षाने मागे ठेवलेला असतो. प्रत्येक वयोगटात दोन विभाग असतात, एक खुला आणि दुसरा मुलींचा. खुला विभाग म्हणजे केवळ मुलांचा विभाग नव्हे, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे, कारण त्यात मुलींनाही खेळता येते.

दुसरी वाट शाळेतून जाते. भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत घेतल्या जातात. महाराष्ट्रात या वाटेवर तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य असे टप्पे असून शालेय क्रीडेसाठी राज्याचे आठ विभाग पाडलेले आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळांसाठी 'क्लस्टर' म्हणजे शेजारच्या शाळांचा समूह, अशी स्वतंत्र प्रादेशिक पायरी आहे. गुजरातेत याशिवाय २०१० साली सुरू झालेला 'खेल महाकुंभ' हा शासकीय क्रीडामहोत्सव असून त्यातही बुद्धिबळाचा समावेश आहे. परिणामी बडोद्यातील एखादी विद्यार्थिनी एकाच वर्षात शाळेसाठी, जिल्ह्यासाठी आणि स्वतःच्या मानांकनासाठी अशा तीन वेगवेगळ्या स्पर्धांत खेळू शकते. मानांकन, म्हणजे खेळाडूच्या बळाचा अंदाज देणारी आणि प्रत्येक अधिकृत डावानंतर वरखाली होणारी संख्या. दोन खेळाडूंच्या मानांकनात २०० गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूने दर चार डावांतून सुमारे तीन गुण मिळवावेत, अशी अपेक्षा त्या गणितात गृहीत धरलेली असते.

या वाटांवर 'संघ' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, हा भेदही स्पष्ट असलेला बरा. काही स्पर्धांत मुले प्रथम एकेकटी खेळतात आणि वरच्या क्रमांकांवर आलेल्यांची मोट बांधून जिल्ह्याचा किंवा विभागाचा निवड संघ तयार होतो. अशा संघातील सहकारी सकाळपर्यंत एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात आणि संध्याकाळी एकाच गणवेशाचे मानकरी होतात. अन्य काही स्पर्धांत मात्र शाळेचा संघ आधीच ठरलेला असतो आणि तो संघ म्हणूनच दुसऱ्या संघाशी पटापटावर भिडतो.

स्विस पद्धत आणि बरोबरीचा पेच

एका सभागृहात शंभराहून अधिक मुले जमली असता प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे अशक्य असते, आणि हरलेल्याला लगेच बाद करणे मुलांच्या बाबतीत अन्यायाचे ठरते. या अडचणीवरचा उपाय म्हणजे स्विस पद्धत. १८९५ साली झुरिक येथे ती प्रथम वापरली गेली, म्हणून तिला हे नाव पडले. या पद्धतीत कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुण असलेल्या खेळाडूंची जोडी लावली जाते, तीच जोडी पुन्हा लागत नाही, आणि पांढरी व काळी मोहरी प्रत्येकाला जवळपास सारख्या वेळा मिळतील, याची काळजी घेतली जाते. फेरी सुरू होण्यापूर्वी ही यादी भिंतीवर चिकटवली जाते आणि 'पेअरिंग लागली' हे शब्द कानी पडताच मुले व पालक तिच्याभोवती गर्दी करतात.

या पद्धतीत पात्रता नेमकी कोठे ठरते, हे एका उदाहरणावरून समजते. एखाद्या स्पर्धेत १२८ खेळाडू आहेत, सात फेऱ्या होणार आहेत, एकही डाव बरोबरीत सुटलेला नाही आणि सर्व जोड्या समान गुणांच्याच लागल्या आहेत, असे मानले, तर अखेरीस सात गुण मिळवणारा एक, सहा गुण मिळवणारे सात आणि पाच गुण मिळवणारे एकवीस खेळाडू असतील. पुढच्या पायरीवर चौघांनाच जागा असेल, तर पहिला खेळाडू निर्विवादपणे निवडला जातो. उरलेल्या तीन जागांसाठी मात्र समान सहा गुणांचे सात दावेदार उभे राहतात. म्हणजे स्पर्धेचा विजेता ठरवणे सोपे असते, आणि खरा पेच दुसऱ्यापासून आठव्या क्रमांकापर्यंतच्या त्या सात मुलांमध्ये असतो.

हा पेच सोडवण्यासाठी 'टायब्रेक' म्हणजे समान गुणांची फोड करणारी पद्धत वापरतात, आणि त्यांपैकी सर्वांत रूढ पद्धत ब्रूनो बुकोल्झ यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात खेळाडूच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज केली जाते आणि ज्याची बेरीज अधिक, त्या खेळाडूला वरचे स्थान मिळते, कारण त्याने अधिक बलवान प्रतिस्पर्ध्यांशी सामना करून तेवढेच गुण कमावले, असे मानले जाते. पहिल्याच फेरीत हरून पुढे सलग सहा डाव जिंकणारा खेळाडू आणि पहिले सहा डाव जिंकून शेवटचा हरणारा खेळाडू या दोघांचेही गुण सहाच होतात. परंतु पहिल्याला बराच काळ खालच्या गटातील प्रतिस्पर्धी मिळालेले असल्यामुळे त्याची बुकोल्झ बेरीज सहसा कमी भरते आणि तो मागे राहतो. सकाळच्या पहिल्या डावात केलेली घाई संध्याकाळी अशा रीतीने अंगाशी येते. या पद्धतीचा आणखी एक परिणाम बालमनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. स्वतःचे डाव संपल्यावर खेळाडूचे स्थान त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या उरलेल्या डावांवर अवलंबून राहते, त्यामुळे सकाळी ज्याच्याशी झुंज दिली, त्याच मुलाच्या पटाशेजारी उभे राहून दुपारी त्याच्या विजयाची मनोमन इच्छा करावी लागते.

नियमांची शिस्तही याच पातळीवर अंगवळणी पडते. हात लावलेले मोहरे हलवावेच लागते. नियमबाह्य चाल प्रथम केल्यास प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात आणि दुसऱ्यांदा केल्यास डाव गमवावा लागतो. दीर्घ डावांत प्रत्येक चाल स्कोअरशीटवर, म्हणजे चालींच्या नोंदपत्रावर, लिहावी लागते. राष्ट्रीय स्पर्धांत रूढ असलेल्या वेळमर्यादेनुसार प्रत्येक खेळाडूला ९० मिनिटे आणि दर चालीमागे ३० सेकंदांची भर मिळते, त्यामुळे एक डाव तीन-चार तासही चालू शकतो. दहा वर्षांच्या मुलाने इतका वेळ एका जागी बसून, कोणाशीही न बोलता, स्वतःच्या निर्णयांची स्वतःच्या हाताने नोंद ठेवावी, ही गोष्ट शाळेच्या कोणत्याही परीक्षेइतकीच गंभीर आहे.

संघ म्हणजे केवळ बेरीज नव्हे

सांघिक स्पर्धेत हे चित्र आणखी पालटते. नेहमीच्या सांघिक लढतीत चार पट मांडलेले असतात आणि बलानुसार ठरवलेला पटक्रम स्पर्धेच्या आरंभीच द्यावा लागतो. एका संघाचा पहिला खेळाडू दुसऱ्याच्या पहिल्याशी आणि चौथा चौथ्याशी खेळतो. चार पटांवरील गुणांची बेरीज प्रतिस्पर्धी संघापेक्षा अधिक झाली, की लढत जिंकली जाते आणि संघाला दोन लढतगुण मिळतात. बेरीज समान झाल्यास प्रत्येकी एक लढतगुण मिळतो. एखाद्या संघाने तीन लढतींत अनुक्रमे ४, १½ आणि १½ गुण मिळवले आणि दुसऱ्याने २½, २½ आणि २ गुण मिळवले, तर दोघांचेही पटांवरील गुण सातच होतात. परंतु पहिल्याच्या खात्यावर दोन लढतगुण जमा होतात आणि दुसऱ्याच्या खात्यावर पाच. एका दिवशी चमकून दोन दिवस कोमेजणाऱ्या संघापेक्षा रोज थोडे अधिक करणारा संघ या पद्धतीत फार पुढे निघून जातो.

या गणिताचे तात्पर्य शाळांनी आणि पालकांनी मनावर घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. एखाद्या शाळेत असामान्य प्रतिभेची एक विद्यार्थिनी असेल आणि ती पहिल्या पटावरील प्रत्येक डाव जिंकत असेल, तरी ती प्रत्येक लढतीत संघाला एकच गुण देऊ शकते, आणि लढत जिंकण्यासाठी किमान अडीच गुण लागतात. उरलेला दीड गुण तुलनेने सामान्य भासणाऱ्या तीन मुलांनी मिळवावा लागतो, आणि चौथ्या पटावरील गुणाचे वजन पहिल्या पटावरील गुणाइतकेच भरते. म्हणून वैयक्तिक स्पर्धेत शाळेतील सर्वोत्तम मुलाचे बळ मोजले जाते, तर सांघिक स्पर्धेत त्या शाळेत बुद्धिबळ किती खोलवर रुजले आहे, हे मोजले जाते.

संघनायकाची भूमिकाही येथे समजून घेण्यासारखी आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांनुसार संघनायक खेळाडूला बरोबरीचा प्रस्ताव देण्याचा किंवा स्वीकारण्याचा सल्ला देऊ शकतो, मात्र तो सल्ला केवळ लढतीच्या एकूण स्थितीवर आधारलेला असावा लागतो आणि पटावरील मांडणीविषयी एक शब्दही उच्चारता येत नाही. संघ दोन विरुद्ध एक असा आघाडीवर असताना शेवटच्या पटावर खेळणाऱ्या मुलाला बरोबरीचा अर्धा गुणही पुरेसा असतो. अशा वेळी जिंकण्याची अंधूक शक्यता सोडून देऊन तो अर्धा गुण पदरात पाडून घ्यायचा की नाही, हा निर्णय त्याला संघाचा विचार करून घ्यावा लागतो. विजयाची भूक शिकवावी लागत नाही, परंतु ती आवरण्याचे शिक्षण मुलाला याच प्रसंगी मिळते.

खालच्या पटांचे हे मोल केवळ शाळेपुरते खरे आहे, असेही नाही. २०२४च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही विभागांत सुवर्णपदके जिंकली. नाशिकचा विदित गुजराथी खुल्या संघात होता, नागपूरची दिव्या देशमुख महिला संघात होती आणि महिला संघाचे कर्णधारपद पुण्याच्या अभिजित कुंटे यांच्याकडे होते. त्या स्पर्धेत भारतीयांनी मिळवलेल्या चार वैयक्तिक सुवर्णपदकांपैकी डी. गुकेशचे पदक पहिल्या पटावरचे होते. अर्जुन एरिगैसी आणि दिव्या देशमुख यांची पदके तिसऱ्या पटावरची, तर वंतिका अगरवालचे चौथ्या पटावरचे होते. त्याआधी २०२० साली झालेल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये संघाच्या सहा पटांपैकी दोन पट वीस वर्षांखालील मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी राखून ठेवलेले होते. विदितच्या नेतृत्वाखाली खेळलेला भारत तेथे रशियासह संयुक्त विजेता ठरला, आणि त्या विजयात कुमार खेळाडूंच्या गुणाला ज्येष्ठांच्या गुणाइतकेच मोल होते.

बडोद्याची आणि मराठीची पार्श्वभूमी

बडोद्यात शाळेच्या आधारावर काही उभारण्याची परंपरा जुनी आहे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. आधी एका लहान भागात पारखावे आणि मग सर्वत्र न्यावे, ही त्यामागील रीत होती. त्यांच्या काळात सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा तर बुद्धिबळाशी थेट संबंध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेला 'मानसोल्लास' हा ज्ञानकोशवजा संस्कृत ग्रंथ या मालेत जी. के. श्रीगोंडेकर यांच्या संपादनाखाली तीन खंडांत प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या क्रीडाविषयक भागात चतुरंगाचे म्हणजे बुद्धिबळाच्या पूर्वरूपाचे वर्णन आलेले आहे. ज्या शहरातील मुले आज पात्रतेसाठी पटावर बसतात, त्याच शहराने या खेळाच्या प्राचीन वर्णनांपैकी एक जगापुढे छापून ठेवले, हा योग बडोदेकरांनी अभिमानाने सांगावा असा आहे.

मराठी समाजात देशी पद्धतीचे बुद्धिबळ विसाव्या शतकातही घरोघरी खेळले जात होते. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे आणि प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष प्रतिष्ठेची मानली जाई. सर्वांत लहान मोहऱ्याने राजाला जेरीस आणावे, यातला आनंद त्या पिढीला पुरेपूर ठाऊक होता. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या आधारे स्पर्धांची अखंड परंपरा उभी केली आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू त्या गावातून पुढे आल्या. मुंबईच्या खाडिलकर कुटुंबातील वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद १९७४पासून पुढची अनेक वर्षे आपल्या घरातच ठेवले, तर रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरल्या. सांगलीचे मंडळ असो वा खाडिलकरांचे घर, एकट्याने खेळण्याचा हा खेळ दोन्ही ठिकाणी सोबतीने वाढला.

गुजरातेतही ही पायाभरणी होत आली आहे. अहमदाबादचे तेजस बाकरे हे राज्याचे पहिले ग्रँडमास्टर ठरले. २४ डिसेंबर २०१० रोजी अहमदाबादेत विश्वनाथन आनंद यांच्या उपस्थितीत वीस हजारांहून अधिक खेळाडूंनी एकाच वेळी पट मांडून जागतिक विक्रम केला. आणि २०२४च्या जूनमध्ये गांधीनगर येथे झालेल्या जागतिक कुमार स्पर्धेत मुलींचे अजिंक्यपद दिव्या देशमुखने ११ पैकी १० गुण मिळवून पटकावले. बडोद्यातील मराठी मुलाला तर या वातावरणात भाषेची अडचणही जाणवत नाही. वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादे ही नावे मराठीत आणि गुजरातीत जवळपास सारखीच असल्यामुळे घरी आजोबांकडून शिकलेला डाव शाळेतील गुजराती मित्राशी कोणत्याही भाषांतराशिवाय खेळता येतो.

परत जाणारी मुले

पुन्हा त्या १२८ खेळाडूंच्या उदाहरणाकडे वळले, तर एक गोष्ट उघड होते. चार मुले पुढे जातात आणि १२४ मुले घरी परततात. म्हणजे पात्रता स्पर्धा ही आकड्यांच्या भाषेत बोलायचे तर प्रामुख्याने अपात्र ठरणाऱ्यांची स्पर्धा असते. तिचे यश केवळ त्या चौघांच्या नावांवरून मोजणे म्हणजे चार पटांच्या लढतीत पहिल्याच पटाकडे पाहण्यासारखे आहे.

परतणाऱ्या मुलांच्या हाती काही ठोस पडावे, यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. डाव संपल्यानंतर दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना एकत्र बसून चालींची उजळणी करता येईल अशी एक स्वतंत्र खोली आणि तेथे एक जाणकार प्रशिक्षक असावा. गमावलेल्या डावाची स्कोअरशीट शाळेच्या वहीत जपून ठेवण्याची सवय लावावी. आणि शाळेने एका गुणवान विद्यार्थ्यासाठी शिकवणीची सोय करतानाच दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पटासाठी आठवड्यातून एक तास राखून ठेवावा, एवढ्यानेही संघाचा पाया बदलतो. पालकांनीही निकालाचा पहिला प्रश्न 'जिंकलास का' असा न विचारता 'कोणती चाल अवघड वाटली' असा विचारला, तर पराभवाचे रूपांतर अभ्यासात होण्याची शक्यता वाढते.

अकोट्यातील शाळेचा संघ विभागीय स्पर्धेतून पुढे गेला, तर आनंदच आहे. परंतु तो न गेला, तरी चौथ्या पटावर खेळलेली मुलगी पुढच्या वर्षी त्याच सभागृहात पुन्हा नाव नोंदवते की नाही, हीच त्या शाळेच्या आणि त्या स्पर्धेच्या आयोजकांच्या कामाची खरी कसोटी होय. ती परत आली, आणि येताना तिने धाकट्या भावाला किंवा बाकावरच्या मैत्रिणीला पाचव्या पटासाठी सोबत आणले, तर ज्याला संघ म्हणतात, तो तेथे उभा राहू लागला आहे, असे निश्चित म्हणता येईल.